वाचकांचे प्रश्न : मनाच्या आजारात शरीराची तपासणी

प्रश्न : धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. ओलान्झापिनने भास थांबले, पण वर्षभरात वजन 14 किलोंनी वाढलं. या आजाराची माणसं लवकर जातात असं वाचलं. गोळ्या कमी केल्या तर आयुष्य वाढेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गोळ्या परस्पर कमी करू नका. तीव्र मानसिक आजारांत आयुर्मान 10 ते 20 वर्षांनी कमी भरतं, हे खरं आहे. आत्महत्या हे त्यातलं एक कारण. आजार नवा असताना तो धोका जास्त. (भाऊ तसं काही बोलला तर 14416 या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर कधीही फोन करता येतो.) पण बहुतेक मृत्यू हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसाचे आजार अशा नेहमीच्या दुखण्यांनीच होतात. फिनलंडमधल्या 11 वर्षांच्या नोंदींवरून 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषध अजिबात न घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं.

तरीही ओलान्झापिनने भूक आणि साखर वाढते, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून एक वही करा. महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, एकाच काट्यावर वजन. कंबर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा. पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हा. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल औषध सुरू करताना, तीन महिन्यांनी आणि मग दरवर्षी तपासायला हवं. मूळ वजनाच्या 5 टक्क्यांहून जास्त वाढ झाली की औषध बदलायचं का, मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) जोडायचं का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. तुमचा भाऊ ती रेषा केव्हाच ओलांडून गेलाय, तेव्हा पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

घोटाळा होतो तो दोन ओपीडींच्या मध्ये. मानसोपचाराच्या खिडकीत झोप आणि भास विचारले जातात, साखर राहून जाते. दुसरीकडे छातीत दुखतंय म्हटलं की ‘मनाचं असेल’ म्हणून परत पाठवतात. अशा वेळी वही पुढे करा आणि ईसीजीचा आग्रह धरा.

विडी-सिगारेट सोडवायलाच हवी, पण डॉक्टरांना आधी सांगून. धुरातल्या रसायनांमुळे यकृत ओलान्झापिन आणि क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचंच दुसरं औषध) लवकर संपवतं. धूर थांबला की त्याच गोळीची रक्तातली पातळी चढते, गुंगी वाढते. क्लोझापिनमध्ये फिटही येऊ शकते. हे काम निकोटिनचं नव्हे, धुराचं आहे, त्यामुळे निकोटिनच्या च्युइंगगमने ही भरपाई होत नाही. क्लोझापिन चालू असेल तर बद्धकोष्ठही अंगावर काढू नका. आतडं बंद पडून जीव गेल्याची उदाहरणं आहेत.

प्रश्न : मुलीला झोपेत फिट येते. त्यातच काही बरंवाईट होऊ शकतं का?
– एक आई, नांदेड

उत्तर : क्वचित, हो. अपस्मार (फिटचा आजार) असलेल्या प्रौढांत असा अचानक मृत्यू वर्षाला 1000 मागे सुमारे एकाचा होतो. सर्वांग आखडून झटके येणारी फिट जितकी वारंवार, तितका धोका जास्त. म्हणून गोळीचा एकही डोस चुकू देऊ नका आणि रात्री तिच्या खोलीत कुणीतरी झोपा. फिट आली की घड्याळ पाहा, झटके थांबताच कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. 5 मिनिटांत थांबली नाही तर थेट रुग्णालय. बाथरूमला आतून कडी नको, आणि विहिरीवर किंवा नदीवर तिला एकटीला पाठवू नका.