आम्ही ओपनमधले, आम्हाला कुठली शिष्यवृत्ती?

बारावी आणि सीईटीच्या निकालानंतर प्रवेशाच्या समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांत एक वर्ग असा असतो, की त्याने शिष्यवृत्तीचा विषय घरातून निघतानाच निकालात काढलेला असतो. नाशिकच्या सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात कायम नोकरी, सिडकोत कर्ज काढून घेतलेले घर, गावाकडे भावाभावांत वाटलेली थोडी जमीन आणि जातीच्या रकान्यात 'खुला प्रवर्ग', अशी ही कुटुंबे असतात. गरीब म्हणवून घ्यायला त्यांना संकोच वाटतो आणि चार वर्षांची फी समोर आली की झोप उडते. "शिष्यवृत्ती गरिबांना मिळते, नाही तर कास्टवाल्यांना, आम्ही मधल्यामध्ये," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की त्याचे उत्तर एका प्रत्यक्ष प्रकरणाच्या आधारे सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

२०२४ च्या जुलैअखेरीस एक जोडपे मुलीला घेऊन आले. वडील अंबडच्या एका कंपनीत ऑपरेटर, आई घरी फॉल-पिको आणि ब्लाउज शिवण्याचे काम करणारी, धाकटा मुलगा आठवीत. मुलीला अभियांत्रिकीला जायचे होते आणि तेही कॉम्प्युटरलाच. सीईटीचे पर्सेंटाइल चांगले होते, पण शहरातल्या नावाजलेल्या महाविद्यालयात कॉम्प्युटर मिळण्याइतके नव्हते. वडील माझ्याकडे आले होते ते शैक्षणिक कर्ज कोणत्या बँकेकडून घ्यावे हे विचारायला. बोलता बोलता कळले, की कोणा ओळखीच्या माणसाने त्यांना मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागांतून, कॉम्प्युटरची जागा 'पक्की करून देतो' असे सांगितले होते आणि टोकन म्हणून पन्नास हजार रुपये आठवडाभरात मागितले होते.

मी कर्जाचा विषय बाजूला ठेवला आणि त्यांना वार्षिक उत्पन्न विचारले. वडिलांनी उत्तर देण्याऐवजी पिशवीतून रेशनकार्ड काढून टेबलावर ठेवले. "मॅडम, कार्ड पांढरं आहे आमचं. तिथंच विषय संपला ना?"

विषय तिथे संपत नाही. पांढरे कार्ड एक लाखाहून अधिक वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला मिळते आणि ती मर्यादा धान्यवाटपाच्या हिशेबाची आहे. राज्य शासनाच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत, जिला महाविद्यालयांच्या खिडकीवर आजही ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) सवलत म्हणतात, कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपये आहे आणि ही योजना खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांत या योजनेतून निम्मे शिक्षण शुल्क मिळते. मुलींसाठी मात्र ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ते शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून पूर्ण केले, आणि परीक्षा शुल्काचाही त्यात समावेश केला. म्हणजे हे कुटुंब माझ्यासमोर बसले होते तेव्हा निर्णय होऊन महिनाही उलटला नव्हता. बातमी त्यांनी वाचली होती, पण ती आपल्यासाठी आहे असे घरात कोणालाही वाटले नव्हते.

मग आम्ही कागदावर उत्पन्न मांडले. वडिलांच्या फॉर्म १६ वर (कंपनीकडून मिळणारा वर्षाच्या पगाराचा आणि कराचा दाखला) सुमारे पाच लाख ऐंशी हजार, आईच्या शिलाईचे वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास, आणि निफाड तालुक्यात सातबाऱ्यावर वडिलांचे नाव असलेल्या जमिनीतून येणारा कांद्याचा थोडा वाटा. हे सगळे धरूनही बेरीज सात लाखांच्या आतच राहत होती. जमिनीचे उत्पन्न 'दाखवायचे की नाही' असे वडिलांनी हळूच विचारले. दाखवायचेच, असे मी स्पष्ट सांगितले. मर्यादेच्या आत असताना लपवण्याचे काही कारणच नसते. शिवाय चुकीची माहिती पुढे उघडकीस आली तर मिळालेली रक्कम परत करण्याची वेळ मुलीवर येते, बापावर नाही.

खरी अडचण उत्पन्नाची नव्हती, तर त्या मॅनेजमेंट कोट्याच्या जागेची होती. ही शिष्यवृत्ती मिळण्यासाठी प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होणाऱ्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला मुले 'कॅप राउंड' म्हणतात त्यातून, झालेला असावा लागतो. संस्था स्तरावर किंवा मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती लागू होत नाही; अभिमत आणि खासगी विद्यापीठेही तिच्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे प्रवेश कुठल्या दारातून घ्यायचा हे ज्या दिवशी ठरते, त्याच दिवशी पुढच्या चार वर्षांची शिष्यवृत्तीही ठरून जाते. सप्टेंबरात महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरायचा अर्ज हा त्या निर्णयाचा केवळ शेवटचा भाग असतो. पालक नेमके उलट करतात. आधी जागा पकडतात, मग शिष्यवृत्ती शोधतात आणि मग 'आम्हाला काहीच मिळत नाही' या समजुतीवर शिक्कामोर्तब करून घेतात.

त्यांना परवडेल असे वाटलेल्या महाविद्यालयाचे शिक्षण शुल्क वर्षाला एक लाख दहा हजार होते. चार वर्षांचे चार लाख चाळीस हजार झाले. कॅपमधून गेल्यास ही रक्कम शासन देणार होते आणि घरातून जाणार होते ते विकास शुल्क, इतर किरकोळ शुल्के, पुस्तके आणि प्रवास. कोट्यातून गेल्यास सगळी फी घरातून, वर त्या मध्यस्थाची मागणी. (जागेसाठी फीव्यतिरिक्त पैसे मागणे हा महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगितले. वडिलांना ते ठाऊक होते. ठाऊक सगळ्यांनाच असते.)

आई म्हणाली, "म्हणजे कॉम्प्युटरसाठी साडेचार-पाच लाख जास्तीचे." कॅपमधून ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन, मिळण्याचीच शक्यता जास्त दिसत होती. मुलगी एवढा वेळ गप्प होती, ती म्हणाली, "पण मग मला आयुष्यभर ईएनटीसीच करायचं का?" हा प्रश्न मी टाळला नाही, कारण पैशांचा हिशेब दाखवून मुलीला गप्प बसवणे हे समुपदेशनात बसत नाही. मी तिला तिची पसंतिक्रमांची यादी काढायला सांगितली. तिने फक्त पाच पर्याय भरायचे ठरवले होते, पाचही शहरातल्या नामांकित महाविद्यालयांतले. आम्ही ती यादी वाढवली. कॉम्प्युटरबरोबर इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी घेतले, शहराबाहेरची पण चालण्याजोगी महाविद्यालये घेतली, आणि टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेचे, पर्यायही घातले. या शेवटच्या योजनेत मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा असतात, त्यांवर शिक्षण शुल्क माफ असते आणि उत्पन्नाची मर्यादा तीच आठ लाखांची आहे. मात्र या जागा गुणवत्तेने जातात आणि त्यांचा कटऑफ बहुधा सर्वसाधारण जागेपेक्षा वर असतो, म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

पहिल्या फेरीत तिला ईएनटीसी मिळाले. एक हजार रुपये जागा स्वीकृती शुल्क भरून तिने ती जागा हातची न सोडता बेटरमेंटचा, म्हणजे पुढच्या फेरीत वरची पसंती मिळते का ते पाहण्याचा, पर्याय निवडला. टोकन मागणाऱ्याचे फोन त्या आठवड्यात वाढले होते, असे वडिलांनी नंतर सांगितले. पुढच्या फेरीत तिला इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी मिळाले, तेही घरापासून सिटीलिंकच्या दोन बस बदलून जावे लागेल अशा महाविद्यालयात. ती पूर्ण खूश नव्हती, आणि तिने तसे सांगितलेही. पण निर्णय तिचा होता.

वडिलांची दुसरी शंका अधिक जुनी आणि अधिक रास्त होती. "सरकारी काम अन् सहा महिने थांब, मॅडम. पैसे आलेच नाहीत तर कॉलेज परीक्षेला बसू देणार नाही." या शंकेला 'येतात हो पैसे' एवढे उत्तर पुरत नाही. शिष्यवृत्तीची रक्कम हप्त्यांनी येते, वर्षाच्या सुरुवातीला येत नाही, आणि कधी कधी दुसरा हप्ता पुढचे वर्ष सुरू झाल्यावर पडतो. म्हणूनच पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, अशा सूचना शासनाने महाविद्यालयांना दिल्या आहेत. प्रत्यक्षात प्रवेशाच्या दिवशी खिडकीवरच्या माणसाने त्यांना पूर्ण रकमेची पावती फाडायला सांगितलीच. वडिलांनी, मी सांगून ठेवल्याप्रमाणे, शासन निर्णयाची छापील प्रत आणि उत्पन्नाचा दाखला पुढे केला आणि आवाज न चढवता प्राचार्यांना भेटण्याची विनंती केली. अर्ध्या तासाने विकास शुल्क व इतर शुल्के भरून आणि शिष्यवृत्तीची रक्कम जमा होताच ती महाविद्यालयात भरू अशा हमीपत्रावर प्रवेश झाला. ते हमीपत्र गांभीर्याने घ्यायचे असते. मुलीच्या खात्यात आलेले पैसे घरातल्या दुसऱ्या अडचणीत वळवले गेले, की पुढच्या वर्षी महाविद्यालयाच्या दारात उभे राहणे अवघड होते.

आता पैसे अडकतात कुठे, ते सांगते, कारण 'आम्ही भरला होता फॉर्म, काही आलं नाही' असे सांगणाऱ्या बहुतेकांचे अर्ज नामंजूर झालेले नसतात. ते वाटेत कुठेतरी थांबलेले असतात. या मुलीच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या.

पहिली बँकेची. थेट लाभाची रक्कम अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाही. ती आधार क्रमांकाशी शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यावर जाते. मुलीने प्रवेशासाठी नवे खाते उघडले होते, तिथे आधारची प्रत दिली होती आणि काम झाले असे धरले होते. मी तिला माझ्यासमोरच 'माय आधार'च्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघायला लावली. तिथे दुसऱ्याच बँकेचे नाव आले. शाळेत असताना काढलेले, पासबुक हरवलेले, वर्षानुवर्षे व्यवहार नसलेले खाते होते ते. केवायसीसाठी आधारची प्रत देणे आणि लाभासाठी खाते आधारशी जोडायची संमती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीसाठी बँकेत वेगळा अर्ज द्यावा लागतो. तिने तो दिला आणि काही दिवसांनी पुन्हा तपासले तेव्हा नव्या बँकेचे नाव दिसू लागले. हे न करता अर्ज मंजूर झाला असता, तर पैसे त्या मृतवत खात्याकडे गेले असते किंवा परत फिरले असते.

दुसरी गोष्ट अर्जाची. महाडीबीटीवर अर्ज भरला की तो आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि पुढे विभागाकडे जातो, आणि कोणत्याही टप्प्यावर त्रुटीसाठी परत पाठवला जाऊ शकतो. तिचा अर्ज रेशनकार्डाचे पान नीट वाचता येत नाही म्हणून परत आला होता. संदेश गेला वडिलांच्या जुन्या मोबाइलवर, कारण आधारला तोच क्रमांक जोडलेला होता आणि ते सिम आता गावी काकांकडे होते. नशिबाने मी तिला दर शनिवारी लॉगिन करून स्थिती बघायला सांगितले होते, म्हणून मुदतीच्या आत दुरुस्ती झाली. पुढे आधारचा मोबाइल क्रमांकही बदलून घेतला.

उत्पन्नाच्या दाखल्याबाबत एवढेच सांगते, की तो तहसीलदारांचा, चालू मुदतीचा आणि बारकोड असलेला हवा. त्यावरचा क्रमांक अर्जात टाकावा लागतो. जून-जुलैत सेतू केंद्रांवर रांगा लागतात, तेव्हा एप्रिल-मेमध्येच अर्ज दिलेला बरा.

मुलीने एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) 'प्रगती' शिष्यवृत्तीबद्दल विचारले होते. ती मुलींसाठी वर्षाला पन्नास हजारांची आहे. परंतु एका वेळी दोन सरकारी शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत, ही अट बहुतेक योजनांत असते, आणि पूर्ण शिक्षण शुल्क मिळत असताना पन्नास हजारांसाठी ते सोडणे तोट्याचे ठरले असते. ज्या मुलींचे महाविद्यालय राज्याच्या योजनेत बसत नाही, पण एआयसीटीईची मान्यता असलेले आहे, त्यांनी मात्र ती जरूर पाहावी. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातून नाशकात शिकायला येणाऱ्या आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार आहे; या दोन्ही वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी आहेत आणि त्यांचे हिशेब निराळे आहेत.

कर्जाचे काय, असे वडिलांनी शेवटी विचारले. साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज पत हमी योजनेखाली तारण न घेता मिळू शकते, हे मी त्यांना सांगितले; पण त्यांची गरज आता विकास शुल्क, लॅपटॉप आणि पुस्तके एवढीच उरली होती. ते त्यांनी दिवाळीच्या बोनसमधून भागवले. पहिला हप्ता त्याच शैक्षणिक वर्षात आला, तो त्याच आठवड्यात महाविद्यालयात भरला आणि पावतीची प्रत मुलीने मला पाठवली. दुसऱ्या वर्षाचा नूतनीकरणाचा अर्ज तिने स्वतःच भरला.

धाकट्याचे वडिलांनी आतापासूनच विचारून ठेवले आहे. शाहू महाराज योजना एका कुटुंबातील दोन मुलांपर्यंत आहे, म्हणून तो तिच्यात बसेल. पण आजच्या नियमाने मुलग्याला निम्मेच शिक्षण शुल्क मिळते. त्याच्यासाठी टीएफडब्ल्यूएसचा विचार आधी करावा लागेल, आणि तोपर्यंत वडिलांचे उत्पन्न ओव्हरटाइम धरून आठ लाखांच्या किती जवळ गेले आहे, हे दर मार्चमध्ये फॉर्म १६ काढून बघत राहावे लागेल.