स्वस्तातली फोल्डिंग इलेक्ट्रिक सायकल घ्यावी का? पहिला अनुभव कसा आहे?

बजेट पस्तीस हजारांच्या आसपास, घर बावधनला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, वनाजहून रामवाडीपर्यंत मेट्रो आणि पुढे विमाननगरचं ऑफिस, असं तुम्ही लिहिलंय. माझं येणं-जाणं याच मार्गावर आहे आणि याच किमतीतली एक सायकल मी नुकतीच घेतली आहे, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत: घ्या, पण खाली पार्किंगमध्ये ती कुलूप लावून ठेवायला जागा मिळणार असेल तरच.

कारण वजन. या किमतीतल्या फोल्डिंग ई-सायकली साधारण वीस-बावीस किलोच्या असतात. म्हणजे घरातल्या रिकाम्या गॅस सिलिंडरपेक्षा जड, आणि धरायला त्याहून अवघड, कारण हँडल, पॅडल, चेन सगळं अंगाला लागतं. घडी घातलेली सायकल एक मजला चढवणं जमतं, रोज तीन मजले जमणार नाहीत. घडीचा खरा उपयोग उचलून नेण्यासाठी नाहीच, कमी जागेत ठेवण्यासाठी आहे: गाडीच्या डिकीत, ऑफिसच्या टेबलाशेजारी, मेट्रोच्या डब्यात कोपऱ्याला. तुमच्यासाठी दिलासा इतकाच की बहुतेक मॉडेलमध्ये बॅटरी किल्लीने काढता येते. ती दोन-अडीच किलोची असते. सायकल खाली ठेवा, बॅटरी वर नेऊन चार्ज करा.

चालवताना पहिल्यांदा जाणवतो तो मोटरचा धक्का. स्वस्त सायकलींमध्ये पायाचा जोर मोजणारा सेन्सर नसतो, पॅडल फिरतंय की नाही एवढंच ओळखणारा असतो. त्यामुळे पॅडल अर्धा फेरा फिरेपर्यंत काहीच होत नाही आणि मग मोटर एकदम ढकलते. मोकळ्या रस्त्यावर ही मजा वाटते. पण कर्वे रोडच्या गर्दीत, रिक्षाच्या मागे हळूहळू सरकताना, तोच धक्का नको वाटतो. उपाय सोपा आहे: असिस्ट, म्हणजे पॅडल मारताना मिळणारी मोटरची मदत, सगळ्यात खालच्या पातळीवर ठेवायचा आणि बोटं कायम ब्रेकच्या लिव्हरवर. लिव्हर जराशी दाबली की मोटर बंद पडते, तसा स्विच त्यातच असतो. तो दोन्ही लिव्हरना आहे ना आणि चालतो ना, हे दुकानातच बघून घ्या.

तुमचा रस्ता चढाचा आहे, म्हणून मी मुद्दाम वनाजहून चांदणी चौकापर्यंत चालवून पाहिली. नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे पॅडल न मारता हँडलवरूनच मोटर चालवली, तर ती दमते, वेग घसरत जातो. पण गिअर हलका करून पाय चालू ठेवले की चढ निवांत पार होतो, घामाघूम न होता. २५० वॉटच्या मोटरकडून मला एवढीही अपेक्षा नव्हती, आणि ही सायकल मला मनापासून आवडली ती इथे. सिग्नलला थांबण्याआधीच गिअर खाली आणायची सवय लावून घ्या, जड गिअरमध्ये चढावर निघायला जमत नाही. मात्र नव्या उड्डाणपुलांनंतर चौकात गाड्या फार वेगात येतात. ताशी पंचवीसच्या सायकलने तिथे डावी बाजू सोडू नका, आणि अंधारात मागचा लाल दिवा लागलेला हवाच.

आता रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये किती अंतर. जाहिरातीतला आकडा विसरा आणि बॅटरीवरचे दोन आकडे वाचा. ३६ व्होल्ट आणि ७.८ अँपिअर-अवर असेल तर गुणाकार होतो सुमारे २८० वॉट-अवर. पाय चालवत गेलात तर किलोमीटरला आठ-दहा वॉट-अवर जातात, म्हणजे तीसेक किलोमीटर. फक्त थ्रॉटलवर आणि चढ असेल तर वीसच्या आसपास. तुमच्या रोजच्या दोन्ही टोकांच्या अंतराला हे भरपूर झालं. एका चार्जला वीज जेमतेम तिसरा हिस्सा युनिट लागते, खर्च तीन-चार रुपये. चार्जर सोबत आलेलाच वापरा आणि झोपेत चार्जिंग चालू ठेवू नका, दाराजवळ किंवा जिन्यात तर नकोच.

सगळ्यात बारकाईने बघायची गोष्ट म्हणजे मधली बिजागरी, कारण तुमचा सगळा भार तिच्यावर आहे. सायकल उघडून खटका लावा, पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसरा हात बिजागरीवर ठेवा आणि सायकल मागे-पुढे हलवा. हाताला किंचितही 'टक' जाणवली तर खटका सैल आहे. तो घट्ट करायला नट असतो. दुकानदाराकडून समोर करून घ्या. खटका बंद करताना तळहाताने नीट जोर लावावा लागला पाहिजे. अलगद लागत असेल तर तो सैलच. हँडलच्या दांड्याच्या बिजागरीलाही हीच परीक्षा. पहिल्या काही दिवसांत दोन्ही जरा सैलावतात, तेव्हा पुन्हा बघा. पावसाळ्यात तिथे चिखल बसतो, तो पुसायचा, पाण्याचा जोरदार फवारा मारायचा नाही.

वीस इंची चाकं खड्ड्यात मोठ्या चाकांपेक्षा खोल जातात आणि हँडल चटकन वळतं. एक हात सोडून इशारा देताना सुरुवातीला सायकल डगमगते. टायर रुंद घ्या, सुमारे दोन इंची, फरक पडतो. मागच्या चाकात मोटर आहे, पण पंक्चरवाल्याला घाबरायचं कारण नाही: चाक न काढता टायर एका बाजूने उचकटून ट्यूब बाहेर ओढतात आणि पॅच लावतात. ट्यूबच बदलायची असेल तेव्हा चाक काढावं लागतं. वायरचा जोड आधी सुटा करायला सांगा, आणि अक्षावरचे वॉशर पूर्वी होते तसेच बसवून घ्या.

कायद्याचं थोडक्यात: मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर नोंदणी, लायसन्स, विमा लागत नाही. मात्र त्या मॉडेलला चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र हवं, आपली कोथरूडची एआरएआय त्यांपैकीच एक. प्रमाणपत्राची प्रत मागा. 'वेगाचं लॉक काढून देतो' असं कोणी म्हणालं तर साफ नाही म्हणा, ब्रेक आणि बिजागरी त्या वेगासाठी बनवलेल्याच नसतात.

मेट्रोत शिरण्याआधी घडी घाला आणि लिफ्टने वर जा. लिथियम बॅटरी असल्याने वनाजला एकदा आधी विचारून घ्या. घडीचे दोन भाग धरून ठेवणारं चुंबक स्वस्त मॉडेलमध्ये कमजोर असतं, डबा हलला की सायकल उघडायला लागते. एक रबरी पट्टा जवळ ठेवा. संध्याकाळच्या गर्दीत मात्र एखादी गाडी सोडून पुढची घेणं बरं.

पैसे देण्याआधी बॅटरीची वॉरंटी बिलावर लिहून घ्या, आणि तीच बॅटरी सुटी किती रुपयांना मिळते हेही विचारा. किंमत लगेच सांगता आली नाही, तर दुसरं दुकान बघा.