वाचकांचे प्रश्न : ड्रायव्हर नवा, कार्ड जुने

प्रश्न : माझ्या संगणकात जीटी ७१० हे ग्राफिक्स कार्ड आहे. खोक्यावर ‘४के’ असे छापलेले होते, तरीही यूट्यूबवर ४के व्हिडिओ लावला की चित्र अडखळते आणि पंखा जोरात फिरू लागतो. दुकानदार ड्रायव्हर अपडेट करायला सांगतो. पण एनव्हिडियाच्या संकेतस्थळावर या कार्डासाठी ४७० मालिकेच्या पुढचा ड्रायव्हरच दिसत नाही. दुसरीकडून नवा ड्रायव्हर मिळवून टाकला तर उपयोग होईल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ड्रायव्हर म्हणजे संगणकाकडून कार्ड चालवून घेणारा प्रोग्राम; तो बदलून उपयोग होणार नाही, आणि ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकवर’ देणाऱ्या परक्या प्रोग्रामच्या वाटेला आपण जाऊही नये. खोक्यावरच्या ‘४के’चा अर्थ इतकाच, की हे कार्ड तेवढ्या रिझोल्यूशनचे चित्र पडद्यापर्यंत पोहोचवू शकते. यूट्यूबवरून येणारा दाबून लहान केलेला व्हिडिओ उलगडणे, म्हणजे डिकोड करणे, हे निराळे काम आहे, आणि त्यासाठी ग्राफिक्सच्या चिपमध्ये स्वतंत्र सर्किट असते. व्हिडिओ दाबण्याच्या आणि उलगडण्याच्या ठरावीक पद्धतीला कोडेक म्हणतात. हे सर्किट ज्या कोडेकसाठी घडवलेले असेल तेच कोडेक ते हाताळते, आणि त्याची घडण कारखान्यातच कायमची ठरलेली असते.

आपले कार्ड केप्लर या २०१२ साली आलेल्या रचनेचे आहे. त्या सर्किटाला २००३ सालचे एच.२६४ हे कोडेक उत्तम येते. परंतु एचईव्हीसी आणि व्हीपी९ ही दोन्ही कोडेक २०१३ सालची, म्हणजे त्या रचनेनंतरची आहेत, आणि एव्ही१ तर २०१८ चे. यूट्यूब साधारणपणे १०८०पी (४के पेक्षा कमी रिझोल्यूशन) पर्यंतचा व्हिडिओ एच.२६४ मध्ये देते, त्यावरचा मात्र व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्ये; त्यामुळे ४के निवडताच सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि पंख्याचा आवाज वाढतो. याची खात्री आपल्याला घरीच करता येईल. व्हिडिओवर उजवे क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडल्यास कोडेकचे नाव दिसते, आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू (ग्राफिक्सची चिप) या नावाखाली ‘व्हिडिओ डिकोड’ नावाचा आलेख असतो. व्हिडिओ चालू असताना तो आलेख तळाशीच राहत असेल आणि सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, आलेख मात्र चढत असेल, तर डिकोडिंग कार्डावर होत नाही, हे निश्चित.

केप्लर कार्डांसाठी नियमित ड्रायव्हर देणे कंपनीने २०२१ मध्ये थांबवले आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या सप्टेंबर २०२४ पर्यंतच राहतील असे तेव्हाच जाहीर केले होते. ४७० मालिकेच्या पुढे काही दिसत नाही, त्याचे कारण हे आहे.

आपला प्रोसेसर कोणता, हे आपण कळवलेले नाही. तो इंटेलच्या सातव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असेल आणि त्यात अंगभूत ग्राफिक्स असेल, तर मॉनिटरची केबल कार्डातून काढून मदरबोर्डवरच्या पोर्टात लावून पाहावी. त्या अंगभूत ग्राफिक्समध्ये व्हीपी९ आणि एचईव्हीसी या दोन्हींचे सर्किट आहे. पैसे देऊन घेतलेले कार्ड बाजूला ठेवल्यावर व्हिडिओ सुरळीत चालावा, हे ऐकायला विचित्र वाटले तरी तसे घडते. अंगभूत ग्राफिक्स असलेल्या ‘जी’ अक्षराच्या, एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरांनाही हेच लागू आहे. यांपैकी काही नसेल, तर १०८०पी वर समाधान मानावे.

आता आपल्या दुकानदाराच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. ड्रायव्हरमुळे नवे कोडेक मिळाल्याची उदाहरणे खरोखर आहेत. जानेवारी २०१५ मध्ये इंटेलने एका ड्रायव्हरद्वारे चौथ्या आणि पाचव्या पिढीच्या प्रोसेसरांना व्हीपी९ आणि एचईव्हीसी डिकोड करण्याची सोय दिली होती. तथापि ती संकरित पद्धत होती : नेमके सर्किट नसल्याने कामाचा काही भाग ग्राफिक्सच्या सर्वसाधारण गणन-एककांकडून आणि काही प्रोसेसरकडून करून घेतला जाई, त्यामुळे वीजही अधिक लागे. त्याच काळात जीटीएक्स ९७० आणि ९८० ही महाग कार्डे एचईव्हीसीसाठी अशाच संकरित पद्धतीवर अवलंबून होती, तर जानेवारी २०१५ मध्येच आलेल्या, त्यांच्यापेक्षा स्वस्त जीटीएक्स ९६० मध्ये संपूर्ण सर्किट होते. किंमत पाहून व्हिडिओची क्षमता ठरवू नये, ती नेमक्या चिपवरून ठरवावी, असे मी म्हणतो ते यासाठीच. एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी तर २०२२ सालचे, तरीही त्यात एव्ही१ चे डिकोडिंग नाही, जे त्याच मालिकेतल्या मोठ्या कार्डांत आहे.

प्रश्न : मी लग्नसमारंभांचे चित्रीकरण करतो. नव्या कॅमेऱ्यात १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी हा पर्याय निवडल्यापासून एडिटिंगच्या वेळी टाइमलाइन अडकते. कार्ड आरटीएक्स ३०६० आणि प्रोसेसर आय५ १२४००एफ आहे. ड्रायव्हर ताजा आहे. मग दोष कशात आहे?
— एक व्यावसायिक, सांगली

उत्तर : दोष कशातच नाही, जोडणी जुळलेली नाही. १०-बिट म्हणजे रंगाच्या छटा अधिक संख्येने नोंदवणे, आणि ४:२:२ म्हणजे रंगाची माहिती किती बारकाईने साठवली आहे याचे प्रमाण. आरटीएक्स ३०६० कमी बारकाईचा ४:२:० एचईव्हीसी आणि पूर्ण बारकाईचा ४:४:४ एचईव्हीसी हे दोन्ही उलगडते, पण मधला ४:२:२ मात्र उलगडत नाही. एनव्हिडियाच्या घरगुती कार्डांत ही सोय २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून आली आणि जुन्या कार्डांना ती कोणत्याही ड्रायव्हरने मिळालेली नाही.

खरी हळहळ वाटते ती आपल्या प्रोसेसरच्या नावातल्या ‘एफ’ या अक्षराची. हे अक्षर म्हणजे अंगभूत ग्राफिक्स नाही. साध्या आय५ १२४०० मधले इंटेलचे ग्राफिक्स १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी स्वतः डिकोड करते, आणि दोघांच्या किमतीतला फरक सहसा फार नसतो. आपला मदरबोर्ड तोच राहणार असल्याने जुना प्रोसेसर विकून ‘एफ’ नसलेला घेणे हा नव्या कार्डापेक्षा पुष्कळ स्वस्त मार्ग ठरेल, मात्र मदरबोर्डवर चित्राचे पोर्ट आहे ना, हे पाहून घ्यावे. त्यानंतर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) अंगभूत ग्राफिक्स चालू करावे लागेल, कारण वेगळे कार्ड असताना अनेक बोर्ड ते बंद ठेवतात, आणि एडिटिंगच्या प्रोग्राममध्येही डिकोडिंगसाठी इंटेलचा पर्याय निवडावा. हातातला हंगाम निघेपर्यंत प्रॉक्सी फाइल, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, तयार करून काम करावे. ज्या कार्यक्रमात रंगांवर फारसे संस्कार करायचे नसतील, तिथे कॅमेऱ्यातच ४:२:० निवडणे चुकीचे नाही.

प्रश्न : माझ्या जीटीएक्स १०६० चे ड्रायव्हर बंद झाले, असे वाचले. आता व्हिडिओ चालणे थांबेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : थांबणार नाही. या पिढीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले असले, तरी सुरक्षेच्या दुरुस्त्या दर तिमाहीला, ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. त्या अवश्य घ्याव्यात. एच.२६४, एचईव्हीसी आणि व्हीपी९ आज जसे चालतात तसेच पुढेही चालतील. एव्ही१ या कार्डाला पूर्वीही येत नव्हते.