पन्नाशीतला शिक्षक आहे, वर्गासाठी ऑनलाइन साधनं शिकायची तर सुरुवात कुठून करू?

सर, एकदम पाच ॲप उतरवू नका. गूगल फॉर्म्सवर, म्हणजे ऑनलाइन प्रश्नावली बनवायच्या साधनावर, दहा गुणांची एक चाचणी बनवा, बाकीचं नंतर. मोबाइलच्या ब्राउझरमध्येही ती तयार होते. सेटिंग्जमध्ये ‘क्विझ’ सुरू केलंत आणि प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर व गुण उत्तरसूचीत भरलेत, की गुण आपोआप मिळतात आणि लिंक पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकता येते.

मी दोनदा आपटलो, ते सांगतो. ‘एकच प्रतिसाद’ हा पर्याय चालू ठेवला, तर मुलांना गूगल खात्यातून लॉगिन करावं लागतं. एका फोनवर दोन भावंडं असली की दुसऱ्याचा पेपर जातच नाही! तो बंद ठेवा, नाव आणि हजेरी क्रमांक विचारा. दुसरं, लेखी उत्तर अक्षरशः जुळवलं जातं. मुलाने ‘१२’ लिहिलं आणि तुमच्या उत्तरसूचीत ‘12’ असेल, तर शून्य. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच. म्हणून उत्तरसूचीत दोन्ही रूपं भरा, नाहीतर सरळ बहुपर्यायी प्रश्न द्या.

व्हिडिओ स्वतः बनवायची घाई कशाला? बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड 2017 पासून चालू असलेल्या दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर उघडतात. आणि अडलंच, तर नववीतल्या एखाद्या पोराला विचारा, पाच मिनिटांत दाखवेल.