वाचक विचारतात : तरणतलावाचा जुना हीटर दुरुस्त करावा की बदलावा?

प्रश्न : आमच्या सोसायटीचा तरणतलाव १२ बाय ५ मीटरचा, सरासरी खोली १.३ मीटर. २० किलोवॉटचा हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं मशिन) आता नऊ वर्षांचा झाला. यंदाच्या थंडीत पाणी २५ अंशांच्या वर जाईना, शिवाय मशिनखाली पाणी साचतं. एक मेकॅनिक म्हणतो गॅस भरा, दुसरा म्हणतो नवीनच घ्या. कोणाचं ऐकावं?
– सोसायटीचे सचिव, पुणे

उत्तर : आधी थर्मामीटर घ्या, मग ठरवा. तुमच्या तलावात ७८,००० लिटर पाणी आहे. ते १ अंशाने तापवायला सुमारे ९० युनिट (किलोवॉट-तास) उष्णता लागते, म्हणजे धडधाकट मशिनलाही साडेचार तास. रात्री पाणी निवतं ते वेगळंच. बाहेर येणारं पाणी हाताला गरम लागत नाही म्हणून मशिनला नापास करू नका. भर दुपारी आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचं तापमान मोजा. प्रवाह ताशी ८,००० लिटर असेल आणि फरक २ अंशांच्या जरा वर असेल, तर मशिन पूर्ण ताकदीने चालतंय. फरक १ अंशच असेल, तर निम्मी ताकद गेली.

मशिनखालचं पाणी बहुतेक वेळा दवच असतं, कारण हवेतली उष्णता ओढताना कॉइल थंड पडते. कॉम्प्रेसर बंद करा, फिल्टरचा पंप चालू ठेवा आणि दोन-तीन तासांनी बघा. ठिबक थांबली नसेल तर ते पाणी वाटीत धरून क्लोरीन तपासायच्या किटमधले थेंब टाका. पिवळं झालं तर पाणी तलावातलं आहे. मग आधी पाइप मशिनला जोडणारे युनियनचे जोड आणि त्यातली रबरी रिंग बघा, संशय एक्स्चेंजरवर (ज्यातून जाताना तलावाचं पाणी तापतं तो भाग) नंतर.

ताकद खरोखर कमी झाली असेल, तर स्वस्तातल्या गोष्टींपासून सुरुवात करा. फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआयने वाढला की बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुणं) हवाच. कॉइलच्या पत्र्या धुळीने बुजल्या असतील तर मेन स्विच बंद करून साध्या नळीने आतून बाहेर धुवा. प्रेशर जेट लावला तर पत्र्या वाकतात. पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, तेव्हा कपॅसिटर तपासून घ्या. छापील मायक्रोफॅरडपेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी भरला तर बदला. कॉन्टॅक्टरमध्ये (मशिनची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) मुंग्या नाहीतर पाल अडकलेली सापडते, पॉइंट जळतात. ही कामं इलेक्ट्रिशियनकडूनच, कारण लाइट बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर एक्स्चेंजरमध्ये बहुधा क्षार बसलेले असतील. बायपास उघडून मशिनचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. २० लिटर पाण्यात १ किलो सायट्रिक ॲसिड घालून लहान पंपाने तासभर फिरवा, फेस यायचा थांबला की भरपूर पाण्याने धुवून काढा.

राहिला गॅस. तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर गळतोय, आणि तिथे सहसा तेलकट डाग दिसतो. नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधायची, ब्रेझिंग करायचं (धातू वितळवून भोक सांधायचं), व्हॅक्यूम काढायचा आणि मग नेमप्लेटवरच्या वजनाइतका गॅस काट्यावर तोलून भरायचा. गॅस आर-४१०ए असेल तर ते दोन गॅसचं मिश्रण आहे, म्हणून ते द्रवरूपातच भरलं पाहिजे. ‘अंदाजे टॉप-अप करून देतो’ म्हणणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. कॉम्प्रेसर आणि एक्स्चेंजर दोन्ही गेले असतील तरच नवीन घ्या, एरवी नऊ वर्षांचं मशिन मोडीत काढणं आम्हाला पटत नाही.

प्रश्न : बंगल्याच्या पूलला जुना एलपीजी हीटर आहे. पूलच्या तळाशी निळसर डाग पडतात आणि पावसाळ्यानंतर ज्योत पिवळी दिसते.
– एक वाचक, लोणावळा

उत्तर : डाग तांब्याचे आहेत. हीटरचा एक्स्चेंजर आम्लात झिजतोय. क्लोरीनच्या टीसीसीए गोळ्या स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं तोंड) जाळीत ठेवत असाल तर आजच काढा. पंप बंद असताना तिथे तीव्र आम्ल पाणी साचतं आणि पंप सुरू होताच थेट हीटरमध्ये जातं. क्लोरिनेटर (पाण्यात क्लोरीन सोडणारं उपकरण) पाणी हीटरमधून बाहेर पडल्यानंतरच्या पाइपवर, मध्ये एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) घालून बसवा. पीएच ७.२ ते ७.६ आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) ८० ते १२० पीपीएम ठेवा.

पिवळी ज्योत म्हणजे हवा अपुरी पडतेय. बर्नरच्या तोंडाशी बहुधा कोळिष्टकं असतात. बर्नर साफ होईपर्यंत हीटर वापरू नका, त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस बंद करून जाणकाराकडून बर्नर उतरवून साफ करून घ्या, काजळी धरली असेल तर एक्स्चेंजरही.

प्रश्न : हीट पंप रात्रभर चालवावा का?
– व्यवस्थापक, नाशिक

उत्तर : नको. तो हवेतूनच उष्णता घेतो, तेव्हा सकाळी १० ते संध्याकाळी ५ चालवा आणि रात्री तलावावर कव्हर घाला. सगळ्यात जास्त उष्णता बाष्पीभवनाने जाते. १ लिटर पाणी उडालं की जवळपास पाऊण युनिट गेलं.