दारू नाही तरी फॅटी लिव्हर? : वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : ताई, वय ४४, सांगलीत बसून काम. ऑफिसच्या चेकअपमध्ये सोनोग्राफीत ग्रेड १ (सुरुवातीचं) फॅटी लिव्हर आलं, एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ६८, वजन ८२ किलो. दारूला मी कधी हात लावलेला नाही मग हे आलं कुठून? आई रोज सकाळी गुळवेलीचा काढा देतेय, मित्र म्हणतो दुधीचा रस पी, लिव्हर साफ होतं. नेमकं काय खाऊ?

उत्तर : दादा, आधी तो काढा थांबवा, बाकीचं मग बोलू. आईंची काळजी मला कळते, त्यांना नीट समजावून सांगा, पण कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलंय. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता हेही खरं, पण एसजीपीटी आधीच वाढलेलं असताना हा प्रयोग कशाला करायचा. आणि काढा घेत होतो हे तुमच्या डॉक्टरांना सांगा, लोक नेमकं हेच सांगत नाहीत.

दुधीचा कच्चा रस पण नको. दुधी कधीकधी कडू निघतो, त्यातल्या विषारी घटकाने उलट्या, रक्ताची उलटी, बीपी एकदम खाली जाणं इथपर्यंत वेळ येते आणि माणसं दगावली पण आहेत. भाजी करा, चणाडाळ घालून करा, फक्त चिरताना एक तुकडा चाखून बघा आणि कडू लागला तर सगळा फेकून द्या. आणि लिव्हर साफ करणारा रस वगैरे काही नसतं हो, तुमच्या लिव्हरला वरून काही घालायची गरज नाहीये, रोज जे जास्तीचं जातंय ते कमी व्हायला हवंय.

दारूशिवाय कसं झालं म्हणता, तर साखर आणि पीठ खर्च झालं नाही की लिव्हर त्याची चरबी करून स्वतःतच साठवतं. ऑफिसातले चहा मोजा बरं. दिवसाला ४ कप, प्रत्येकात २ चमचे, म्हणजे ३० ते ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून, आणि जागतिक आरोग्य संघटना वरची साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवलेली बरी म्हणते. गूळ घातला म्हणून वाचलो असं नाही, लिव्हरला गूळ, मध, काकवी सगळं सारखंच, आणि कोल्ड्रिंक, पाकिटातले ज्यूस तर बंदच करा.

जेवणात नवीन काही शोधू नका. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ, मेथी नाहीतर शेपू, मोठी वाटी काकडी-गाजराची कोशिंबीर, ताक. भात आवडतो तर अर्धी वाटी घ्या पण मग भाकरी एकच. नाश्त्याला पोहे असले तर पोहे निम्मे आणि त्यात मटार, मोड आलेले मूग निम्मे. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी खाऊन परत रात्री मोदक, हे मात्र नको, साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यापेक्षा वरी-राजगिरा आणि दही परवडलं. तेल चौघांच्या घराला महिन्याला २ लिटर पुरे. बिनसाखरेची कॉफी झेपत असेल तर दिवसाला दोन कप जरूर घ्या, कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हर कडक होण्याचं प्रमाण कमी दिसतं असं बऱ्याच अभ्यासांत आलंय.

सगळ्यात जास्त फरक वजनाने पडतो. ७ ते १० टक्के वजन उतरलं की लिव्हरची चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात, तुमच्यासाठी ते ६ ते ८ किलो झालं. सहा-आठ महिने घ्या, उपाशी राहून महिन्यात उतरवू नका, त्याने लिव्हर आणखी बिघडू शकतं. रोज अर्धा तास भरभर चाला. आणि डॉक्टरांना विचारून शुगर, हिपॅटायटिस बी आणि सी तपासून घ्या, एसजीपीटी वाढायला दुसरी कारणं पण असतात. डोळे पिवळे झाले, पोट फुगायला लागलं किंवा शौच काळी झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

प्रश्न : ताई, आम्ही शेंगदाणे वर्षाचे भरतो. पावसाळ्यात त्यातले काही काळे-हिरवे पडतात. भाजून कूट केलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार ताई. ती बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते आणि ते थेट लिव्हरवर जातं, भाजल्याने थोडं कमी होतं पण संपत नाही. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन कावीळ पसरली होती, शंभरावर माणसं गेली. आणि थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर लिव्हरच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हिपॅटायटिस बी असलेल्यांना तर फारच. कूट केलं की खराब दाणा ओळखूच येत नाही म्हणून निवडायचं ते भाजण्याआधी, सुरकुतलेला, काळपट, कुबट वासाचा दाणा बाजूला, आणि बरेच निघाले तर अख्खा डबा टाका. जनावरांनाही घालू नका, त्यांच्या दुधात उतरतं. पावसाळ्यापुरते महिन्याचे किलो-दोन किलोच आणा, कडक उन्ह दाखवून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा आणि ओला चमचा आत घालू नका.