वडिलांच्या किडनीत २२ मिमीचा खडा आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनला, म्हणजे पीसीएनएलला, धोका किती? नडियादला न्यावं का?

तुम्ही लिहिलंय की बाबा ६४ वर्षांचे आहेत, शुगर आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, आणि पाठीतून भोक पाडणार हे ऐकल्यापासून घरात सगळ्यांची झोप उडाली आहे. मी वडोदऱ्यातच राहते, दांडिया बाजारात. चार वर्षांपूर्वी माझं हेच ऑपरेशन झालं, खडा २४ मिमीचा होता. मी डॉक्टर नाही, पण या सगळ्यातून गेले आहे.

खडा २ सेंमीच्या वर गेला की बहुतेक वेळा पीसीएनएलच सुचवतात. बाहेरून धक्के देऊन एवढा मोठा खडा फोडला तर त्याचे तुकडे मूत्रनळीत अडकायची भीती असते. लघवीच्या वाटेने लेझर नेऊनही फोडता येतो, त्यात भोक नाही, पण मोठ्या खड्याला कधी कधी दोन वेळा जावं लागतं. पाठीवरचं भोक म्हणाल तर माझ्या पाठीवर आता नखाएवढा व्रण आहे, तोही शोधावा लागतो.

२००७ ते २००९ या काळात जगातल्या ९६ केंद्रांमधल्या ५,८०३ रुग्णांची पीसीएनएलची नोंद ठेवली गेली होती. दर पाचांपैकी जवळजवळ चौघांना काहीच गुंतागुंत झाली नाही. साधारण १० टक्क्यांना ताप आला, ६ टक्क्यांच्या आसपास लोकांना रक्त द्यावं लागलं. आणि खडा पूर्ण निघाला तो सुमारे ७६ टक्क्यांचा. म्हणजे चौघांत एकाच्या किडनीत काहीतरी उरतं. म्हणून ‘ऑपरेशन झालं’ आणि ‘खडा गेला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डोक्यात ठेवा आणि नंतरची तपासणी टाळू नका.

मला विचाराल तर चाकूपेक्षा जंतूंना जास्त घाबरा. खड्याच्या आत जंतू दडून बसलेले असू शकतात, खडा फुटला की ते मोकळे होतात आणि रक्तात जाऊ शकतात. माझ्या लघवीच्या कल्चरमध्ये जंतू निघाले, तर डॉक्टरांनी तारीख आठ दिवस पुढे ढकलून आधी अँटिबायोटिक दिलं. रजा मंजूर झालेली, सासूबाई इंदूरहून आलेल्या, मी फार चिडले होते. तरीही ऑपरेशनच्या दुसऱ्या रात्री मला हुडहुडी भरली. मे महिना, बाहेर रात्रीसुद्धा झळा, आणि मी दोन ब्लँकेटं घेऊन दात वाजवत होते. ते आठ दिवस थांबले नसते तर काय झालं असतं, या विचाराने आजही पोटात गोळा येतो. बाबांना शुगर आहे, म्हणून कल्चरचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय तारीख घेऊ नका.

रक्ताचं म्हणाल तर पहिले एक-दोन दिवस लघवी कोकम सरबतासारखी दिसते, त्याने घाबरू नका. पण घरी आल्यावर, आठ-दहा दिवसांनीसुद्धा, अचानक लालभडक लघवी आणि गाठी पडू लागल्या तर रात्र असली तरी निघा. आतली रक्तवाहिनी फुगून फुटलेली असू शकते, ती मांडीतून तार घालून बंद करता येते. रक्त पातळ करायची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना आणि यूरोलॉजिस्टना एकमेकांशी बोलायला लावा.

आणि डीजे स्टेंट. ऑपरेशनच्या वेळी आत ठेवतात ती बारीक नळी, किडनीपासून मूत्राशयापर्यंत, दोन्ही टोकांना वळलेली. ती नंतर काढावी लागते. लघवी करताना कमरेत वर कळ चढते, सारखं जावं लागतं. हा त्रास नळीचा, ऑपरेशन बिघडल्याचा नाही, आणि त्यावर गोळी मिळते. पण नळी विसरू नका! माझ्या दिरांचं ऑपरेशन दुसऱ्या एका दवाखान्यात झालं. डिस्चार्जच्या कागदावर नळी काढायची तारीखच लिहिलेली नव्हती, कुणी बजावून सांगितलंही नाही. दुखणं थांबलं, तेही विसरले. अकरा महिन्यांनी ताप आला तेव्हा नळीवरच खडे चढलेले होते, आणि ती काढायला दोन ऑपरेशनं लागली. माझी मात्र बेशुद्ध न करता, जेली लावून पाच मिनिटांच्या आत निघाली. मी तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवली होती. तुम्ही तर डिस्चार्ज घेतानाच ती कागदावर लिहून मागा.

नडियादचं मुळजीभाई पटेल हॉस्पिटल १९७८ पासून किडनीचंच काम करतं, आपल्याकडून गाडीने तास-सव्वा तास. तिथलं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, सीटी स्कॅनची सीडी आणि कल्चरचा रिपोर्ट सोबत न्या. फक्त मधल्या काळात बाबांना थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर दुसऱ्या मताची वाट न पाहता जवळच्या दवाखान्यात त्याच क्षणी न्या.